फोटो काढण्याचे पैसे, फोटो वापरण्याचे पैसे

नंदुरबारच्या बाजार समितीत लाल मिरचीची आवक सुरू झाली की शहराभोवतीच्या मोकळ्या जमिनींवर पथाऱ्या पसरतात. वाळलेला माल पूर्वी पोत्यांतून थेट मसाला कंपन्यांकडे जाई. अजूनही बहुतेक तसाच जातो, पण थोडा माल आता इथेच दळून छापील पाऊचमध्ये भरला जातो. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धडगाव-मोलगीकडचे आमचूर, भगर आणि मोहाचे पदार्थ बचतगटांच्या स्टॉलवर दिसू लागले. पाऊच आला की लेबल आले, लेबल आले की फोटो आला. मग लग्नसराईत कॅमेरा चालवणाऱ्या एखाद्या तरुणाला फोन जातो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘भाऊ, एक फोटोना कितला पैसा?’

इथेच नवखा छायाचित्रकार फसतो, कारण तो एकच आकडा सांगतो. व्यावसायिक फोटोला दोन किमती असतात. एक तो तयार करण्याची, म्हणजे वेळ, साधने, प्रकाशयोजना आणि एडिटिंग यांची. दुसरी तो वापरू देण्याची. पहिली किंमत कामाच्या दिवसावर ठरते. दुसरी ठरते फोटो कुठे, किती काळ आणि किती लोकांसमोर जाणार यावर. तोच फोटो व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये जाऊ शकतो आणि धुळे-सुरत रस्त्यावरच्या होर्डिंगवरही. काढायला लागलेली मेहनत दोन्हीकडे सारखीच असते, व्यापाऱ्याला होणारा फायदा मात्र सारखा नसतो.

दुसऱ्या किमतीला परवाना शुल्क म्हणतात. गाळा भाड्याने देताना मालक ज्या गोष्टी ठरवतो, त्याच इथे ठरवायच्या असतात: कोणाला, कशासाठी, किती दिवस. फरक एवढाच की गाळ्याचा मालक कोण हे सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर आधीच लिहिलेले असते. फोटोचा मालक कोण, हा प्रश्न भारतात वाटतो तितका सरळ नाही.

यूट्यूबवर या विषयाचे असंख्य व्हिडिओ आहेत. त्यांतले बरेच अमेरिकी किंवा ब्रिटिश छायाचित्रकारांचे असतात आणि सगळे एक गोष्ट ठासून सांगतात: ज्याने शटर दाबले, कॉपीराइट त्याचा, ग्राहकाला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. त्यांच्या देशात, छायाचित्रकार पगारी नोकर नसेल तर, हे खरे आहे. नंदुरबारमध्ये हे गृहीत धरून चालणाऱ्याचे नुकसान होईल.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, फोटो काढणारी व्यक्ती हीच त्याची ‘कर्ता’ मानली आहे. पण कर्ता आणि पहिला मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १७(बी) सांगते की, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही करार झालेला नसेल, तर पहिला मालक तो काम सांगणारा. म्हणजे मसाला व्यापाऱ्याने फोन केला, पैसे ठरले, शूट झाले आणि कागदावर काहीच आले नाही, तर कॉपीराइट व्यापाऱ्याचा. तो ते फोटो होर्डिंगवर लावेल, दुसऱ्या कंपनीला विकेल, दहा वर्षे छापेल. कायद्याच्या काटेकोर भाषेत छायाचित्रकाराला ते स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायलाही त्याची परवानगी लागेल.

ही तरतूद आली ब्रिटिश कायद्याच्या वळणाने. गंमत म्हणजे ब्रिटनने १९८८ च्या नव्या कायद्यात ती काढून टाकली आणि मालकी छायाचित्रकाराला दिली. कॅनडाने २०१२ मध्ये तेच केले. भारतानेही २०१२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती केली, फोटोच्या संरक्षणाची मुदत कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत वाढवली, पण हे कलम जागेवरच राहिले.

तरी त्या कलमात एक दार उघडे आहे: ‘उलट करार नसेल तर’. म्हणजे करार असेल तर मालकी छायाचित्रकाराकडे राहू शकते. अट एवढीच की तो शूटच्या आधी व्हायला हवा. मालकी फोटो जन्मतो त्याच क्षणी ठरते, त्यामुळे काम झाल्यावर बिलाच्या तळाशी ‘कॉपीराइट माझा’ असे छापून काही साधत नाही. तोपर्यंत मालकी व्यापाऱ्याकडे गेलेली असते आणि ती परत घ्यायची तर त्याच्या सहीचे लेखी हस्तांतरण लागते. ते कोण देईल?

या करारासाठी वकिलाची दहा पाने लागत नाहीत. कोटेशनमध्ये चार वाक्ये घालावीत, ते मेलने पाठवावे आणि ‘मान्य आहे’ असे उत्तर आल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार मानतो. सही केलेला कागद असला तर आणखी चांगले. मसुदा साधारण असा असावा:

‘या चित्रीकरणातील सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला निवडलेली ८ छायाचित्रे स्वतःच्या मिरची पावडरच्या पाऊचवर, संकेतस्थळावर आणि सोशल मीडियावर, भारतात, बिलाच्या तारखेपासून २ वर्षे वापरता येतील. या काळात छायाचित्रकार हीच छायाचित्रे दुसऱ्या मसाला विक्रेत्याला देणार नाही. होर्डिंग, टीव्ही आणि वृत्तपत्रातील जाहिरात यांसाठी वेगळी परवानगी व वेगळे शुल्क लागेल. मुदतीत छापलेले पाऊच मुदतीनंतरही संपेपर्यंत विकता येतील. पूर्ण रक्कम मिळाल्यावर परवाना लागू होईल.’

पाऊचबद्दलचे वाक्य अनुभवी माणसेही विसरतात. पाऊच हजारोंच्या संख्येने छापून घ्यावे लागतात, कारण छपाईच्या सिलिंडरचा खर्च मोठा असतो. मुदत संपल्यावर गोदामात उरलेला माल फेकून द्या, असे कोणताही व्यापारी ऐकणार नाही, आणि ते सांगणे रास्तही नाही. वर्षांचा आकडा आणि प्रदेश लिहायलाही कंटाळू नये. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. कलम ३०अ ने हेच नियम परवान्यांनाही लावले आहेत.

परवान्याची मुदत आणि प्रदेश यांचे मोल किती, याचे एक गाजलेले उदाहरण बास्केटबॉलमधले आहे. को रेंटमीस्टर या छायाचित्रकाराने १९८४ मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी मायकेल जॉर्डनचा हवेत झेपावतानाचा फोटो काढला. नायकेने त्याच्या पारदर्शिका १५० डॉलर देऊन तात्पुरत्या घेतल्या आणि तशाच ढबीचा स्वतःचा फोटो काढून घेतला. रेंटमीस्टरने हरकत घेतल्यावर १९८५ मध्ये १५,००० डॉलर देऊन त्यांनी परवाना घेतला. तो फक्त २ वर्षांचा होता, फक्त उत्तर अमेरिकेपुरता आणि पोस्टर-होर्डिंगपुरता. पुढे १९८७ मध्ये त्या ढबीतून ‘जम्पमन’ हे बोधचिन्ह आले. रेंटमीस्टरने दावा लावला थेट २०१५ मध्ये आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयातही तो हरला. न्यायालयाचे म्हणणे असे की ढब किंवा कल्पना कोणाच्या मालकीची नसते, मालकी असते ती त्या विशिष्ट फोटोची. नंदुरबारच्या छायाचित्रकारासाठी यात दोन सूचना आहेत. परवान्याच्या मर्यादा लिहून घ्याव्यात, आणि त्या संपल्या की तीस वर्षे थांबू नये.

आता पहिल्या किमतीकडे. शेजारचा स्टुडिओ किती घेतो हे विचारून दर ठरवण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यात शेजाऱ्याचा हिशेबही चुकलेला असण्याची शक्यता मोठी. आपला वर्षाचा खर्च आधी मांडावा. उदाहरणादाखल: कॅमेरा, मॅक्रो लेन्स, दोन स्ट्रोब लाइट, ट्रायपॉड आणि लॅपटॉप मिळून ३ लाख रुपये, ४ वर्षांत वसूल करायचे म्हणजे वर्षाला ७५,०००. खोलीचे भाडे ६०,०००. वीज, इंटरनेट, फोन ३०,०००. सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क २५,०००. प्रवास, दुरुस्ती ३०,०००. घरखर्चासाठी महिना २५,००० म्हणजे ३ लाख. बेरीज ५,२०,०००. शूटचे दिवस मात्र ३०० धरायचे नाहीत. एका दिवसाच्या शूटमागे एखादा दिवस एडिटिंगचा आणि कोटेशन, वसुली, खरेदी यांचाही जातो. वर्षात पैसे देणारे ८० दिवस मिळाले तर भागिले ८०, म्हणजे दिवसाला ६,५०० रुपये. हा तळ आहे, नफा नव्हे. याच्या खाली घेतलेले काम म्हणजे खिशातून पैसे घालून केलेली सेवा.

तळ कळला की फोटोमागचा दर आपोआप निघतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे साधे पॅकशॉट दिवसाला २० झाले तर प्रत्येकी ३२५. वाटीत रस्सा, बाजूला लाल मिरच्या, मागे मातीचे भांडे अशी मांडणी असेल तर दिवसात ५ फोटो होतील, म्हणजे प्रत्येकी १,३००. सुरतेच्या साडी कॅटलॉगचे नगावरचे दर ऐकून नंदुरबारच्या मुलांचे डोळे फिरतात. ताप्ती लाइनवर सुरत जवळ आहे आणि तिथले काम खुणावतेही. पण ते दर एकाच मांडणीत, एकाच प्रकाशात दिवसभर भराभर निघणाऱ्या नगांचे असतात. एका पाऊचसाठी लाइट लावून मोडण्याला तो दर लावला तर दिवसाची मजुरीही सुटणार नाही.

वस्तू स्वस्त म्हणून फोटो स्वस्त, हा समजही सोडावा लागतो. मिरची पावडरचा लाल रंग कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चटकन सपाट होतो आणि दाणा दिसेनासा होतो. एक्स्पोजर कमी ठेवून, कलर चार्ट लावून तो धरावा लागतो आणि छपाईसाठी सीएमवायकेमध्ये नेताना पुन्हा तपासावा लागतो. आमचुराच्या फिक्या फोडी पांढऱ्या कागदावर हरवतात. सातपुड्यातल्या चांदीच्या दागिन्यांत तर खोलीतला दिवा, कॅमेरा आणि छायाचित्रकाराचा शर्टसुद्धा दिसतो. त्यांना चारी बाजूंनी पांढऱ्या कापडाचा तंबू लागतो. दर ठरवायचा तो या वेळावर. धडगावला जाऊन शूट करायचे तर घाटातला जाण्या-येण्याचा अख्खा दिवस बिलात स्वतंत्र ओळीने यायला हवा.

मग परवान्याचा आकडा. नव्या माणसाने निर्मिती शुल्काच्या टक्केवारीने सुरुवात करावी: एक वर्ष फक्त सोशल मीडिया असेल तर पाव पट, दोन वर्षे पाऊच आणि संकेतस्थळ असेल तर निम्मे, त्यात होर्डिंग आणि वृत्तपत्र आले तर निर्मिती शुल्काइतकेच, आणि कॉपीराइटच कायमचा हवा असेल तर दोन ते अडीच पट. ही पट्टी कोणा संघटनेने ठरवलेली नाही. पहिल्या पाच-दहा कामांनंतर ती आपोआप बदलेल. या हिशेबाने एका मसाला उद्योगाचे कोटेशन असे दिसेल: निर्मिती ८,०००, सजावटीचे साहित्य १,२००, प्रवास ८००, दोन वर्षांचा पाऊच व संकेतस्थळाचा परवाना ४,०००, एकूण १४,०००. ओळी वेगवेगळ्या असल्याचा खरा फायदा घासाघिशीच्या वेळी होतो. ‘दहा हजारांत बसवा’ असे व्यापारी म्हणाला, तर दर न तोडता वापर कमी करावा: दोन वर्षांऐवजी एक, आठ फोटोंऐवजी सहा. काही न काढता केलेली सवलत पुढच्या वेळचा दर ठरवते.

कधी कधी व्यापारी म्हणेल, मला ही परवान्याची भानगड नको, फोटो माझेच पाहिजेत. यात रागावण्यासारखे काही नाही. किंमत मिळत असेल तर कॉपीराइट देऊन टाकावा. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढली होती आणि मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये तिचे सगळे हक्क विकत घेतले. मात्र ओरिअर यांनी ती टेकडी कोणाच्या सांगण्यावरून काढलेली नव्हती. ती त्यांचीच होती, म्हणून विकता आली.

हा मुद्दा आपल्याकडे अधिकच मोलाचा आहे. कलम १७(बी) लागू होते ते सांगून आणि पैसे घेऊन काढलेल्या फोटोंना. स्वतःच्या मनाने काढलेल्या फोटोंची मालकी निर्विवाद छायाचित्रकाराची. नंदुरबार जिल्ह्यात अशा फोटोंची शेती करता येईल. पथाऱ्यांवरची मिरची, मार्च-एप्रिलमधले मोहफुलांचे वेचणे, उन्हाळ्यात वाळणाऱ्या कैरीच्या फोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, तापीचा काठ. हे फोटो एका मसालेवाल्याला पाऊचसाठी, दुसऱ्याला माहितीपत्रकासाठी, तिसऱ्याला संकेतस्थळासाठी देता येतील. प्रत्येकाला स्वतंत्र परवाना, कोणालाच एकहाती हक्क नाही. माणसे ओळखू येत असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी आणि त्यांना मोबदला द्यावा. मोहफुले वेचणाऱ्या बाईचा चेहरा कोणाच्या तरी पाकिटावर तिला न विचारता छापणे कायद्याच्या आधी सभ्यतेत बसत नाही. संमतीपत्रक तिच्या भाषेत वाचून दाखवावे, नुसता अंगठा घेऊ नये.

बचतगटांचे काम वेगळ्या तागडीने मोजावे. पाच-सात बायकांच्या गटाला होर्डिंगचे कलम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. निर्मितीचा तळाचा खर्च घ्यावा, वापर मोकळा द्यावा आणि बदल्यात कॉपीराइट व स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवण्याचा हक्क राखावा. त्याआधी एक गोष्ट जरूर विचारावी: गटाला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून मदत मिळते आहे का? २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि बचतगटांच्या ब्रँडिंग व विपणनाच्या खर्चाला ५० टक्के साहाय्याची तरतूद आहे. तिथे फोटोचा खर्च प्रस्तावातच धरता येतो, गटाच्या गल्ल्यातून काढावा लागत नाही. फोटोच्या बदल्यात डाळ, मिरची घ्यायची झाली तरी लेखी करार करावा, कारण वस्तूच्या रूपातला मोबदलाही मोबदलाच ठरू शकतो.

ऑनलाइन विक्रीने आणखी एक गाठ घातली आहे. ॲमेझॉनवर मुख्य फोटोला शुभ्र पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, झूम चालण्यासाठी मोठी बाजू किमान १,००० पिक्सेल लागते आणि वॉटरमार्क चालत नाही. पण खरी अडचण विक्रेत्याने मान्य केलेल्या करारात आहे. अपलोड केलेला मजकूर आणि फोटो वापरण्याचा कायमस्वरूपी, परत न घेता येणारा परवाना विक्रेता त्या कंपनीला देऊन बसतो. छायाचित्रकाराने त्याला २ वर्षांचा परवाना दिला असेल तर विक्रेता जे स्वतःकडे नाही ते देतो आहे. म्हणून बाजारपेठेच्या संकेतस्थळांवर जाणारे साधे पॅकशॉट वेगळे काढावेत आणि ते मुदतीविना, जरा जास्त दराने द्यावेत. मुदतीची अट मांडणीच्या फोटोंपुरती ठेवावी. भांडण लागेल अशा जागी मुदत लावण्यात शहाणपण नाही.

ॲपने पार्श्वभूमी बदलण्याचा प्रकार आता रोजचा झाला आहे. त्याबद्दल करारात एक वाक्य असावे: रंग, पार्श्वभूमी आणि मजकूर बदलता येईल की नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना फोटो पुरवता येईल की नाही. कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट विकल्यावरही कर्त्याकडे नावाचा आणि कलाकृतीची मोडतोड होऊन बदनामी झाल्यास दाद मागण्याचा हक्क राहतो. पण तो कोर्टात सिद्ध करण्यापेक्षा करारातले वाक्य स्वस्त पडते. मूळ रॉ फायली देणार नसाल तर तेही लिहावे. बरेच ग्राहक त्या मागतात, बहुतेकांना त्या उघडताही येत नाहीत.

करांच्या भीतीने कोणी कच्च्या पावतीवर काम करू नये. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. नवापूरच्या सीमेपलीकडे गुजरातमध्ये सेवा दिली तरी, २०१७ च्या अधिसूचनेमुळे, तेवढ्याच कारणाने या मर्यादेच्या आत नोंदणी सक्तीची होत नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणे मात्र गुन्ह्यात जाते. ग्राहक कंपनी असेल तर ती टीडीएस कापू शकेल; पॅन द्यावा आणि कापलेली रक्कम प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसते का ते पाहावे.

वसुलीसाठी एक नोंदणी मात्र पहिल्याच महिन्यात करावी: उद्यम. ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी मुदत नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीसही थकलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्याचा चार्टर्ड अकाउंटंटच बिलाची आठवण करून देतो. उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापावा. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली मोठ्या आकाराच्या फायली देताना, आणि तोपर्यंत वॉटरमार्क लावलेले छोटे फोटो निवडीसाठी, ही पद्धत व्यापाऱ्यालाही मान्य होते.

शेवटचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येक फायलीच्या मेटाडेटात नाव, फोन आणि परवान्याची मुदत भरावी, आणि मुदत संपण्याच्या एक महिना आधीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकावी. त्या दिवशी व्यापाऱ्याला फोन करावा, फोटो अजून पाऊचवर आहेत का विचारावे आणि नूतनीकरणाचे दोन ओळींचे बिल पाठवावे.